आचार्य धर्मानंद कोसंबी : खिन्नतेतून पुरुषार्थाकडे

देवस्थानच्या स्मरणिकेत ज्यांची चरित्रे छापली जातात ते बहुधा जीर्णोद्धाराचे प्रवर्तक, उदार देणगीदार किंवा मुखत्यारपणाचा भार वर्षानुवर्षे वाहिलेले कर्ते पुरुष असतात. हे योग्यच आहे. त्यांच्या कष्टांवरच देवळाचा कळस उभा असतो. पण याच गोमंतभूमीत, आपल्यासारख्याच एका घरात, असा एक पुरुष जन्मला की ज्याने देवळाला ना समई दिली ना पालखी. इतकेच नव्हे तर जो आपले घरदार आणि परंपरागत धर्ममार्ग सोडून दूर निघून गेला. तरीही आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांनी आणि तरुणांनी त्याचे चरित्र वाचावे असे आम्हांस वाटते. पुरुषाने मनातील दुःख कोणाला दाखवू नये, खचला तरी खचल्याचे बोलू नये, हा जो आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला दंडक आहे, तो या पुरुषाने मोडला. आणि तो मोडूनच तो मोठा झाला. हे चरित्र आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी यांचे होय.

जन्म आणि बालपण

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी सांकवाळ या गावी झाला. झुआरी नदीच्या दक्षिण तीरावरील हा गाव त्या काळी साष्टी महालात मोडत असे. आज तो मुरगाव तालुक्यात आहे. सोळाव्या शतकात साष्टीतील देवळे पाडली गेली, तेव्हा या गावचा श्रीनरसिंह नदी ओलांडून अंत्रुज महालात वेलिंग येथे नेण्यात आला. देव पलीकडे आणि कुळावी अलीकडे, अशी ताटातूट सोसून ज्या कुटुंबांनी आपला कुलाचार टिकवला, त्यांच्या मुलुखातच हे बालक वाढले.

वडिलांचे नाव दामोदर, आईचे नाव आनंदीबाई. नारळीचे भाट, त्याची राखण, पाडेल्यांच्या मागे उभे राहून पाडा मोजून घेणे, देणेघेणे सांभाळणे, अशा व्यवहारात घरचे दिवस जात. मुलाची प्रकृती लहानपणापासून अशक्त होती. अभ्यासातही तो मंद समजला जाई. मराठी शाळेतले जुजबी शिक्षण झाले आणि तेवढ्यावरच ते थांबले. पोर्तुगीज किंवा इंग्रजी शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. भाटाची देखरेख हेच पुढचे आयुष्य, असे घरच्यांनी ठरवून टाकले आणि त्यात त्या काळच्या रीतीला सोडून काही नव्हते. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, १८९१ साली, चिखली येथील लाड घराण्यातील बाळाबाईंशी त्याचा विवाह झाला. मिसरूड फुटण्यापूर्वीच मुलगा संसारी पुरुष झाला.

खिन्नतेची वर्षे

येथून पुढची सात-आठ वर्षे या चरित्रातील सर्वांत अंधारी आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहेत. तरुण धर्मानंदाला कशातच रस वाटेना. प्रकृती साथ देईना, मन कामात लागेना. आपण कोणत्याच कामाचे नाही, शिकण्याचे वय निघून गेले, आता हे आयुष्य असेच कुजत जाणार, या विचाराने त्याला घेरले. विवाह हा त्याला आधार न वाटता बेडी वाटू लागला. विद्या मिळवावी अशी तीव्र इच्छा, पण मार्ग दिसत नाही. घर सोडावे असे वाटते, पण पाय निघत नाहीत. काही वेळा तो खरोखरच घराबाहेर पडला आणि थोड्याच दिवसांत हताश होऊन परत आला. प्रत्येक वेळी परतणाऱ्या पावलांबरोबर अपयशाचा भार आणखी वाढला असेल, हे सांगावयास नको.

आजचे वैद्यकशास्त्र अशा लक्षणांकडे गांभीर्याने पाहते. दीर्घकाळ टिकणारी उदासीनता, निद्रा व भूक यांवर होणारा परिणाम, आपण निरुपयोगी आहोत ही सततची भावना, ही आजाराची लक्षणे आहेत आणि त्यांवर उपचार आहेत, हे आता सर्वमान्य झाले आहे. शे-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आज रोगाचे नाव चिकटविणे योग्य नव्हे. ते आम्ही करीत नाही. पण त्या काळी गावातल्या लोकांनी अशा तरुणाला काय म्हटले असेल, हे आपण सहज ओळखू शकतो. आळशी, भित्रा, बायकी, घरबुडवा. हे शब्द आजही आपल्या ओसऱ्यांवरून ऐकू येतातच. ज्याला ताप आला आहे त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. ज्याचे मन आजारी आहे त्याला मात्र आपण आधी दूषण देतो आणि मग विचारपूस करतो, तीही क्वचितच.

या काळात धर्मानंदाला तारले ते दोन-तीन गोष्टींनी. पहिली म्हणजे तुकोबांची गाथा. स्वतःच्या दुःखाविषयी देवापाशी इतक्या मोकळेपणाने बोलणारा पुरुष त्याला गाथेत भेटला. दुसरी म्हणजे मडगावचे त्याचे स्नेही विष्णु नाईक. सुधारक वृत्तीच्या, वाचनाची आवड असलेल्या या मित्रापाशी त्याला मन मोकळे करता येई. पुस्तके मिळत, चर्चा होई आणि मुख्य म्हणजे त्याच्या विद्येच्या ओढीला कोणी हसत नसे. तिसरी गोष्ट म्हणजे ‘बालबोध’ हे मुलांचे मासिक. त्यात १८९७ च्या सुमारास बुद्धाचे एक छोटेसे चरित्र त्याच्या वाचनात आले. दुःख आहे, त्याला कारण आहे आणि ते दूर करण्याचा मार्ग आहे, असे रोखठोक सांगणारा गुरू आपल्याला सापडला, असे त्याला वाटले. मुलांसाठी लिहिलेल्या चार पानांनी एका विशीतल्या खचलेल्या पुरुषाचे आयुष्य फिरवले.

गृहत्याग

१८९८ साली वडील निवर्तले. १८९९ साली पहिली कन्या माणिक जन्मली. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस धर्मानंद घर सोडून पुण्यास निघून गेले.

येथे चरित्रकाराने थांबले पाहिजे. थोरांच्या गृहत्यागाचे वर्णन आपल्याकडे नेहमी जाणाऱ्याच्या बाजूने होते. मागे राहिलेल्या बाळाबाईंचे वय लहान होते, कडेवर तान्ही मुलगी होती, सासरे नुकतेच गेले होते, आणि नवरा परत येईल की नाही हे कोणालाच माहीत नव्हते. जवळजवळ सात वर्षे त्यांनी हे सोसले. धर्मानंदांच्या पुढील कार्यात या सात वर्षांचे देणे मोठे आहे, आणि ते फेडणाऱ्या खात्यावर बाळाबाईंचे नाव लिहिले पाहिजे. पुरुषाच्या मनाची व्यथा वेळीच ऐकली गेली नाही, तर तिची किंमत घरातल्या स्त्रीला आणि मुलांना चुकती करावी लागते, हा या प्रसंगाचा धडा आहे. या त्यागाचे गुणगान करण्यापेक्षा हा धडा घेणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल.

पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा आधार मिळाला व संस्कृतचे अध्ययन सुरू झाले. तेथून ग्वाल्हेरमार्गे काशी. काशीत अन्नछत्रात जेवून, अंगावर पुरेसे कपडे नसताना, त्यांनी शास्त्रीमंडळींपाशी व्याकरण व साहित्य यांचा अभ्यास केला. पण ओढ होती बुद्धाची. ती त्यांना १९०२ साली नेपाळात घेऊन गेली. तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून त्यांची घोर निराशा झाली. तेथून बुद्धगया, कलकत्ता आणि शेवटी सिंहलद्वीप, असा प्रवास घडला. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या चरणांपाशी बसून त्यांनी पाली भाषा आत्मसात केली आणि श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशात जाऊन भिक्षुसंघाची उपसंपदा घेतली व ध्यानाचा अभ्यास केला.

या प्रवासात पैसा नव्हता, प्रकृती वारंवार बिघडत होती, भाषा परक्या होत्या. पण एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. सांकवाळात एकट्याने कुढत बसलेला हा तरुण आता जेथे जाई तेथे प्रथम माणूस शोधी. गुरू, सहाध्यायी, आश्रय देणारा गृहस्थ, मठातील वृद्ध भिक्षू. कोणापुढेही आपली अडचण मांडण्यास तो संकोचत नसे. मदत मागणे हे हीनपणाचे लक्षण नव्हे, हे त्याला वाटेवरच्या उपासमारीने शिकविले.

परतलेला गृहस्थ

१९०६ साली धर्मानंद कलकत्त्यास आले आणि तेथे पालीचे अध्यापन करू लागले. आता त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. भिक्षूचा मान आयुष्यभर मिरवता आला असता. त्यांनी चीवर उतरविले आणि त्याच वर्षी गोव्यास येऊन पत्नीची व मुलीची भेट घेतली. ज्यांना आपण सोडून गेलो त्यांच्यापुढे पुन्हा जाऊन उभे राहणे, हे घर सोडण्यापेक्षा कठीण असते. सोडून जाण्याला लोक वैराग्य म्हणतात. परत येण्याला असे कोणतेही भारदस्त नाव मिळत नाही. धर्मानंदांनी ते केले. संसार पुन्हा उभा राहिला. ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातच पुत्र झाला आणि आजोबांच्या नावावरून त्याचे नाव दामोदर ठेवण्यात आले. हेच पुढे गणितज्ञ व इतिहासकार म्हणून जगप्रसिद्ध झालेले प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी होत. पुढे आणखी दोन कन्या झाल्या.

कलकत्त्याची जागा चांगल्या पगाराची होती. पण आपल्या विद्येचा उपयोग आपल्या माणसांना व्हावा ही तळमळ होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा पन्नास रुपयांची वृत्ती देऊ केली. महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे, एवढीच अट होती. धर्मानंदांनी मोठा पगार सोडून ती वृत्ती पत्करली. पुरुषाची किंमत त्याच्या मिळकतीवर ठरविण्याच्या आपल्या सवयीला हे उत्तर होते. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे त्यांचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले आणि मराठी वाचकाला मूळ पाली आधारांवरून लिहिलेला बुद्ध भेटला.

याच सुमारास हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि १९१० साली ते अमेरिकेस गेले. काम होते बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या महाग्रंथाची संशोधित आवृत्ती सिद्ध करण्याचे. हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाच्या मृत्यूने हे काम अपुरे राहिले होते आणि प्रा. चार्ल्स लॅनमन ते पुढे नेत होते. संपादक म्हणून श्रेय कोणाचे, यावरून धर्मानंदांचा लॅनमनसाहेबांशी मतभेद झाला. त्यांनी आपला स्वाभिमान सोडला नाही. १९१२ साली ते स्वदेशी परतले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. पण मनात अढीही धरली नाही. पुन्हा बोलावणे आले तेव्हा १९१८ साली ते परत गेले, १९२२ पर्यंत राहिले, आणि नंतरही १९२६ व १९३१ साली त्यांनी तेथे जाऊन काम केले. अपमान गिळून गप्प बसणे आणि अपमानाचा सूड घेत राहणे, या दोहोंच्या मधला हा मार्ग आहे. आपल्या भाऊबंदकीत आणि देवस्थानच्या मानापमानाच्या वादांत तो फार थोड्यांना सापडतो.

फर्ग्युसनमधील त्यांच्या विद्यार्थ्यांत पाली पंडित डॉ. पु. वि. बापट होते, आणि चिमणरावाचे जनक, विनोदी लेखक चिं. वि. जोशी यांनीही त्यांच्यापाशीच पालीचे धडे घेतले. मंद म्हणून शाळेतून निघालेल्या मुलाचे हे शिष्य.

विसुद्धिमग्गातील मैत्री

धर्मानंदांच्या आयुष्याची कितीतरी वर्षे ज्या ग्रंथात गेली, त्या ग्रंथात काय आहे हे थोडक्यात सांगितले पाहिजे. बुद्धघोषाचार्यांनी माणसांच्या स्वभावाचे सहा प्रकार केले आहेत. कोणी रागचरित म्हणजे आसक्त वृत्तीचा, कोणी द्वेषचरित, कोणी मोहचरित. तसेच श्रद्धाचरित, बुद्धिचरित आणि वितर्कचरित. ज्याचा जसा स्वभाव त्याला तसा ध्यानविषय द्यावा, सर्वांना एकच मात्रा लागू पडत नाही, असे ते सांगतात. असे चाळीस ध्यानविषय ग्रंथात वर्णिले आहेत. आणि ध्यानविषय देणारा जो अनुभवी मनुष्य, त्याला ते कल्याणमित्र म्हणतात. मनाच्या वाटेवर एकट्याने जाऊ नये, कल्याणमित्र शोधावा, हे त्या शास्त्राचे पहिले पाऊल आहे.

दुसरी गोष्ट मैत्रीभावनेची. सर्व प्राण्यांविषयी मैत्री उत्पन्न करावयाची. पण आरंभ कोठून? बुद्धघोषांच्या मते आरंभ स्वतःपासून. मी सुखी असावे, मी निर्वैर असावे, असे प्रथम स्वतःविषयी चिंतावे; नंतर आदरणीय माणसाविषयी, मग प्रिय मित्राविषयी, मग तिऱ्हाइताविषयी, आणि शेवटी वैऱ्याविषयी. आपल्याकडच्या पुरुषाला ही शिकवण कोणी देत नाही. स्वतःशी कठोर असणे म्हणजेच मर्दपणा, असे त्याला लहानपणापासून सांगितले जाते. मग जो स्वतःला क्षमा करू शकत नाही तो बायकोला, मुलाला, भावाला तरी कशी करणार? घरातला त्रागा, मुलांवर उगारलेला हात, संध्याकाळची बाटली, यांच्या मुळाशी कितीदा तरी स्वतःविषयीचे हे निर्दय वर्तनच असते. धर्मानंदांनी १९२५ साली ‘समाधिमार्ग’ लिहून ध्यानाची ही विद्या सोप्या मराठीत आणली.

पिता आणि लेखक

१९१८ साली अमेरिकेस जाताना धर्मानंदांनी माणिक व दामोदर या दोन्ही मुलांना बरोबर नेले. ज्या कन्येला तान्हेपणी टाकून ते निघाले होते, तिला त्यांनी रॅडक्लिफ महाविद्यालयात शिकविले आणि १९२२ साली ती तेथून पदवीधर झाली. त्या काळी गोव्यातल्या कितीशा घरांत मुलीला परदेशात पदवीपर्यंत शिकविण्याचा विचार होत असे? बापाने आपल्या गैरहजेरीची भरपाई पश्चात्तापाच्या शब्दांनी न करता मुलीच्या शिक्षणाने केली, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

महात्मा गांधींनी स्थापिलेल्या गुजरात विद्यापीठात १९२२ पासून काही वर्षे त्यांनी काम केले. आणि १९२४ साली ‘निवेदन’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. मराठीत त्यापूर्वीही पुरुषांची आत्मवृत्ते झाली होती. पण स्वतःचा दुबळेपणा, आजार, निराशा, घर सोडण्याचे फसलेले प्रयत्न, या गोष्टी इतक्या साध्या सरळ भाषेत क्वचितच कोणी लिहिल्या होत्या. हार्वर्डला जाऊन आलेल्या, विद्वानांत मान्यता पावलेल्या पन्नाशीजवळच्या प्राध्यापकाला हे सांगण्याची गरज नव्हती. झाकून ठेवले असते तर कोणाला कळलेही नसते. पण त्यांनी ते लिहिले, त्यात करुणा भाकली नाही आणि फुशारकीही मारली नाही. त्यांची नात, समाजशास्त्रज्ञ डॉ. मीरा कोसंबी यांनी या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले आणि ते २०११ साली प्रसिद्ध झाल्यामुळे आता मराठी न जाणणाऱ्या वाचकांपर्यंतही हा प्रांजळ स्वर पोचला आहे.

शस्त्र टाकणाऱ्याचे शौर्य

१९४० साली ‘भगवान बुद्ध’ या त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग व पुढील वर्षी दुसरा भाग प्रसिद्ध झाला. या ग्रंथात त्यांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची रूढ कथा बाजूस सारली. वृद्ध, रोगी व प्रेत पाहून राजपुत्र मध्यरात्री चोरपावलांनी निघून गेला, ही कथा उत्तरकालीन असून, आईवडील रडत असता त्यांच्या देखत त्याने केस उतरविले व प्रव्रज्या घेतली, असे प्राचीन सुत्तांत आहे, हे त्यांनी दाखवून दिले. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात होणारी भांडणे आणि शस्त्रधारणेविषयीचा उद्वेग, हे त्या गृहत्यागाचे कारण असावे, असे त्यांनी प्रतिपादिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्धचरित्रातही रोहिणीच्या पाण्याचा तंटा असाच मध्यवर्ती आहे.

क्षत्रियकुळात जन्मलेल्या पुरुषाने भाऊबंदांवर शस्त्र उचलण्यास नकार देणे, हे त्या काळी भ्याडपणाचे मानले गेले असणार. धर्मानंदांना त्यात सर्वांत मोठे शौर्य दिसले. त्याचप्रमाणे, जावयाचे असेल तर सर्वांना सांगून, त्यांचे अश्रू डोळ्यांनी पाहून जावे, लपून जाऊ नये, हेही त्यांना बुद्धाच्या चरित्रात महत्त्वाचे वाटले. स्वतःच्या तारुण्यातील गृहत्याग त्या ओळी लिहिताना त्यांना आठवला असेल काय, हे वाचकाने ठरवावे.

धर्मानंदांची सर्व मते आपल्या महाजन मंडळींस मान्य होतील असे नाही. ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ या १९३५ च्या ग्रंथातील वैदिक परंपरेवरील त्यांची टीका कडक आहे. पण त्यांच्या आचरणाविषयी दुमत नाही. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला व तुरुंगवास पत्करला. १९३७ साली मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजनविहार उभारला. पैसा साठविला नाही, मठ स्थापिला नाही, शिष्यांचा तांडा जमविला नाही.

अखेर

त्यांच्या अखेरीविषयी लिहिताना सावधपणा हवा. सत्तरी गाठल्यावर, प्रकृती ढासळल्यावर, पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माच्या चिंतनातून त्यांनी अन्नत्यागाने देह ठेवण्याचा निश्चय केला. १९४६ साली उत्तर प्रदेशात त्यांनी उपवास आरंभिला तेव्हा गांधीजींनी त्यांना परावृत्त केले. पुढे सेवाग्राम आश्रमात त्यांनी तो पुन्हा केला आणि ४ जून १९४७ रोजी त्यांचे देहावसान झाले. जैन परंपरेच्या दृष्टीने पाहणारे याला एक प्रकारे पाहतील, इतर निराळ्या प्रकारे. आम्ही एवढेच म्हणतो की, या अखेरीचे अनुकरण कोणी करू नये आणि दुःखी मनाने तर तिच्याकडे मुळीच पाहू नये. दुःखी मनाने पाहण्याजोगा भाग निराळा आहे. विसाव्या वर्षी ज्याला आपले आयुष्य संपले असे वाटत होते, तो त्यानंतर पन्नास वर्षे जगला, आणि जे काही आपण त्याचे म्हणून ओळखतो ते सारे या पन्नास वर्षांतले आहे.

आजच्या घरांसाठी

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार २०२१ साली भारतात १,६४,०३३ माणसांनी स्वतःचे जीवन संपविले आणि त्यांपैकी १,१८,९७९ पुरुष होते. म्हणजे दर दहांत सात पुरुष. ज्यांना आपण घराचे खांब म्हणतो, त्यांतले इतके खांब कोणाला चाहूल न लागता आतून पोखरले जातात.

सुदैवाने आज सांकवाळचा तरुण एकटा नाही. बांबोळी येथे सरकारी मनोरुग्णालय आहे. गोव्यातीलच ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांतून साध्या, प्रशिक्षित माणसांकरवी समुपदेशन करून पाहिले. खिन्नतेने ग्रासलेल्या स्त्री-पुरुषांना व मद्याच्या आहारी गेलेल्या पुरुषांना त्याचा लाभ होतो, असे त्या अभ्यासांत आढळले, आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापले गेले. त्या समुपदेशकांच्या नावामागे डॉक्टरकीची पदवी नव्हती. शांतपणे ऐकून घेण्याची विद्या त्यांना शिकविलेली होती. पालीत ज्याला कल्याणमित्र म्हणतात, तो याहून फारसा वेगळा नसावा. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने टेलि-मानस ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि आपल्या भाषेत बोलता येते.

आणि आपल्या परंपरेला तरी हे कोठे नवे आहे? आपण देवापुढे नारळ ठेवतो, आणि गाऱ्हाणे मोठ्याने, चारचौघांच्या देखत घातले जाते. घरातले आजारपण, मुलाचे अपयश, भावांतील तंटा, सारे नाव घेऊन देवाला सांगितले जाते. त्या वेळी कर्ता पुरुष हात जोडून, मान खाली घालून उभा असतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. जे देवापुढे बोलता येते ते घरी पत्नीपाशी, भावापाशी, मित्रापाशी, वैद्यापाशी का बोलता येऊ नये? मुलगा गप्प गप्प राहू लागला, जेवणावरून उठू लागला, पालखीला यावयाचे टाळू लागला, तर त्याला आळशी म्हणण्यापूर्वी जवळ बसवून विचारावे. घरातल्या वडिलांनी विष्णु नाईकांची भूमिका घ्यावी. पुस्तक द्यावे, वेळ द्यावा, हसू नये. आणि आवश्यक तेथे डॉक्टरांकडे स्वतः बरोबर जावे.

आपल्या शास्त्रांनी चार पुरुषार्थ सांगितले आहेत. अश्रू गिळणे हा त्यांत कोठेही नाही. सांकवाळच्या त्या अशक्त, उदास मुलाने आपली व्यथा ओळखली, ती इतरांपुढे मांडली, गुरू शोधले, सोडलेल्या घरी परत येऊन उभा राहिला, मुलीला शिकविले आणि अखेर सारे लिहून पुढच्यांसाठी ठेवले. ही सर्व पुरुषार्थाचीच कृत्ये होत. आपल्या कुळाव्यांच्या प्रत्येक घरात असा एक तरी कल्याणमित्र असावा आणि दुःखात असलेल्या प्रत्येकाला त्याच्यापाशी तोंड उघडण्याची बुद्धी व्हावी, हीच या मंगल प्रसंगी श्रीचरणी प्रार्थना.